उठायची राहिलेली बैठक

ओबेदने कबुलीपत्राचा मसुदा तिसऱ्यांदा लिहून आणला होता. बापाने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मिठाच्या भांड्याखाली सरकवून ठेवला.

"अक्षर सुरेख आहे," एनॉक मॅडॉक म्हणाला, आणि त्याने वाटाण्यांचं भांडं पुढे ओढलं.

पाचवा वार होता, सहाव्या महिन्याचा मध्य. आमच्यात वारांना आणि महिन्यांना परक्या देवांची नावं देत नाहीत, नुसते मोजतात. त्यामुळे निदान त्यावरून भांडणं होत नाहीत. भांडायला बाकी पुष्कळ असतं. त्या दुपारी पेनिलान या मॅडॉकांच्या शेतावरच्या घरी, मोठ्या स्वयंपाकघरात चार माणसं जेवायला बसली होती: एनॉक, त्याची बायको गेनॉर, त्याची थोरली बहीण टेसी आणि मुलगा ओबेद. चार वाजता आमच्या धर्मसभेने नेमलेले दोघे घोड्यावरून येणार होते, आणि एनॉकच्या सहीचा कागद त्यांच्या हाती द्यायचा होता.

गेल्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाच्या विधिमंडळात 'राजाच्या कामासाठी' म्हणून एक ठराव आला होता. राजाचं काम म्हणजे सरहद्दीवर दारूगोळा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्यांच्या धर्मात शस्त्राला शिवायचं नाही, त्यांनी असल्या ठरावाला हात वर करायचा नव्हता. एनॉक एकोणीस वर्षं आमच्या परगण्याचा प्रतिनिधी होता. चार गव्हर्नर आले आणि गेले, एकाहीपुढे त्याने टोपी काढली नाही, कारण आम्ही टोपी काढतो ती फक्त प्रार्थनेत. त्याच एनॉकने त्या दिवशी हात वर केला.

'चुकलो, पश्चात्ताप झाला' असं लिहून दिलं की प्रकरण मिटणार होतं. नाही दिलं, तर पुढच्या मासिक सभेत त्याच्या नावाचं पत्र वाचलं जाणार आणि एनॉक मॅडॉक समाजाबाहेर पडणार. असं पत्र कसं वाचतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तेव्हा सभेचा चिटणीस तोच होता, आणि तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः उभं राहून पोटच्या पोरीच्या नावाचं पत्र वाचलं होतं.

गेनॉरने त्या सकाळी गूजबेरीच्या आंबट फळांचं गोड सारण भरलेले दोन पाई भाजले होते. एक टेबलावर होता, दुसरा खिडकीत फडक्याखाली. तीन वर्षं ती सगळंच दोन करत आली होती, आणि दुसरं कुठे जातं हे घरात कोणी विचारत नसे. खिडकीतून ओढा दिसे, ओढ्यापलीकडे अक्रोडाची दोन झाडं, आणि त्यांच्या मागून निघणारा धूर. तो त्या पोरीच्या, फीबीच्या चुलीचा धूर. समाजाबाहेर काढलेल्या माणसाशी बोलू नये असं आमच्यात कुठेही लिहिलेलं नाही. गेनॉर लेकीकडे जायची, नातीला मांडीवर घ्यायची, संध्याकाळच्या आत परत यायची. एनॉक जात नव्हता. त्याला कोणी अडवलं नव्हतं, म्हणून तर गेनॉरला जास्त राग यायचा. अडवणारा कोणी असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

फीबीने काय केलं होतं, तर पिंपं बनवणाऱ्या एका जर्मन तरुणाशी लग्न केलं होतं, आणि तेही त्याच्या पाद्रीसमोर. सभेने तिच्याकडूनही दोन ओळी मागितल्या होत्या. ती म्हणाली, तुम्हाला दुखवलं याचं मला वाईट वाटतं, ते हवं तर लिहून देते. पण मथायसशी लग्न केलं याचा पश्चात्ताप झाला असं लिहिणार नाही, कारण झालेला नाही. मग पत्र वाचलं गेलं.

त्या दिवशी सभाघरातून घरी आल्यावर सगळे इथेच, ह्याच बाकांवर बसले होते. मनावर फार ओझं असलं की आमच्यात कोणी बोलत नाही, मिळून गप्प बसतात. ज्याला आतून शब्द सुचेल तो बोलतो. नाही सुचला तर तसेच बसून राहतात. बैठक संपली असं वडीलधाऱ्याला वाटलं की तो शेजारच्यापुढे हात करतो, मग सगळे एकमेकांशी हात मिळवतात आणि उठतात. त्याआधी कोणी उठत नाही. गुरं सुटली, दूध उतू गेलं, तरी उठत नाही. फीबी बापाच्या एका शब्दासाठी तासभर बसली. एनॉक बोलला नाही. मग ती उठली, खुंटीवरचं डोक्याला बांधायचं बॉनेट घेतलं आणि दाराबाहेर पडली. एनॉकचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. नंतर कोणी कोणाशी हात मिळवला नाही. एकेक जण आपापल्या कामाला निघून गेला.

गेनॉरच्या मते ती बैठक अजून उठलेली नव्हती. ह्या घरात तीन वर्षं सगळे हळू बोलत होते, ते त्यामुळेच.

"पाई घे," तिने नवऱ्याला म्हटलं. "पोटात काही नसलं की माणूस अजून हट्टी होतो."

"म्हणजे पोटभर जेवून हट्ट केलेला चालेल तुला," एनॉक म्हणाला, आणि त्याने ताटली पुढे केली.

टेसीला जेवताना थट्टा आवडत नसे. एकाहत्तर वर्षांची, बिनलग्नाची, चाळीस वर्षं सभाघरातल्या समोरच्या मानाच्या बाकावर बसलेली बाई. आमच्या परगण्यातल्या निम्म्या पोरी तिला पाहून पाठ ताठ करायला शिकल्या. तिने ओबेदला मसुदा पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. ओबेदने मिठाच्या भांड्याखालून कागद काढून वाचला. त्यात 'कदाचित', 'काही अंशी' असे शब्द बरेच होते. टेसीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की हा कागद आहे की ताक? लिहायचं तर सरळ लिहावं, नाहीतर लिहूच नये.

ओबेद कागद हातात धरून उभा राहिला. तो अडतीस वर्षांचा होता, स्वभावाने नेमस्त. फीबीच्या प्रकरणानंतर एनॉकने चिटणिसाचं काम सोडलं, आणि सभेने ते ओबेदच्या गळ्यात घातलं होतं. लोक म्हणत की त्याला बापाच्या जागेची घाई झालीय, विधिमंडळातल्याही. त्याच्या मनातली गोष्ट वेगळीच होती. आज बापाने सही केली नाही, तर पुढच्या सभेत ते पत्र वाचायला चिटणीस म्हणून त्यालाच उभं राहावं लागणार होतं. पंधरा दिवस तो रात्री कूस बदलत होता. सभाघरात मागच्या बाकावर फीबी कधीकधी येऊन बसे, कारण बसायला कोणालाच बंदी नाही, आणि ओबेद तिच्या बाजूला बघायचं टाळत असे. आता त्या मागच्या बाकावर बापही दिसू लागला, तर बघायला समोरची भिंतच उरणार होती.

 त्याने बापाला विचारलं की मसुद्यात नेमकं काय खटकतं.

एनॉकने सुरी-काटा बाजूला ठेवला. तो भाषण करणारा माणूस नव्हता. विधिमंडळातही त्याची ख्याती कमी बोलण्याचीच होती. तो सांगू लागला की त्या दिवशी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर सरहद्दीवरून पळून आलेली माणसं बसली होती. त्यांत एक बाई होती. तिच्या मांडीवर मक्याच्या पिठाची रिकामी पिशवी होती. ती पिशवीची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. आत जाताना तो तिच्या शेजारून गेला आणि बाहेर येताना ती तशीच होती.

"मला वाईट वाटतं, हे मी लिहीन," तो म्हणाला. "हात वर केला तेव्हाही वाटलं होतं. पण चुकलो का, हे मला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी विचारतो, अजून उत्तर आलेलं नाही. जे कळलंच नाही ते लिहू कसं?"

"बाबा," ओबेदचा आवाज चिरकला. "दोन ओळी तर लिहायच्या. त्यात एवढं जड काय आहे?"

बोलून झाल्यावर ओबेदच्याही लक्षात आलं. गेनॉरच्या हातातला पळा भांड्यावर थांबला. हेच वाक्य, ह्याच टेबलापाशी, ह्याच जागी उभं राहून, पत्र वाचलं जाण्याआधी, एनॉकने फीबीला म्हटलं होतं. शब्दही तेच होते. तीन वर्षांत ते घरात कोणी पुन्हा उच्चारलं नव्हतं.

एनॉक मुलाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गेनॉर एकेचाळीस वर्षं तो चेहरा वाचत आली होती, पण असा तो तिने पाहिला नव्हता; जणू त्याला कोणीतरी त्याच्याच घराच्या दारात उभं करून आतलं दाखवलं होतं.

"हे मी म्हटलं होतं तिला," तो म्हणाला.

"हो," गेनॉर म्हणाली.

मग टेसी बोलली. तिने आधी रुमालाने ओठ टिपले, हात मांडीवर ठेवले, आणि सभेत बोलताना लावते तो आवाज लावला.

"त्या वर्षी पत्र वाचून झाल्यावर बायकांच्या सभेने मला फीबीकडे पाठवलं होतं. अजून तरी कबुली देणार का, एवढंच विचारायला. ती नाही म्हणाली. मी येऊन नाही म्हणून सांगितलं. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

"ठाऊक आहे," एनॉक म्हणाला.

"मी निघाले तेव्हा ती कुंपणापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, आत्या, बाबाला सांग, हात मिळवायच्या आधी मी उठले. लग्नाचं नाही, पण तेवढं माझं चुकलं." टेसी थांबली. "ते विचारायला सभेने मला पाठवलं नव्हतं. म्हणून मी सांगितलं नाही."

"तीन वर्षं?" गेनॉरने विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही."

दुसऱ्या कुठल्या घरात ह्यावर भांडी आदळली असती. गेनॉर नुसती म्हणाली, "टेसी, तुझ्या खरेपणापायी एक दिवस माझा जीव जाईल," आणि तिने पळा खाली ठेवला, कारण तो हातात असणं तिला सुरक्षित वाटेना.  टेसीची हनुवटी थरथरत होती. त्या बाईची हनुवटी थरथरलेली आम्ही कोणी कधी पाहिली नव्हती, आणि त्या दिवशीही चौघांपैकी तिघांनी दुसरीकडे बघितलं.

एनॉक उठला. टोपी डोक्यावरच होती. आमच्यात जेवतानाही ती तिथेच असते. कोपऱ्यातली काठी घेतली आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला. ओबेद मागे धावणार तोच टेसीने त्याची बाही धरली.

"बस," ती म्हणाली. "पाय त्याचे आहेत."

घरापासून ओढ्यापर्यंत पाऊण मैल, आणि सगळी जमीन एनॉकची. बापाने वेल्समधून येऊन झाडं तोडून पहिलं शेत काढलं, उरलेलं एनॉकने वाढवलं. राय नावाचं धान्य, मका, सफरचंदांची बाग, पिठाची गिरणी, गिरणीचा बांध. तो चालताना कुंपणाचे ओंडके काठीने तपासत जायचा, ती सवय आजही सुटली नाही. एक ओंडका कुजला होता, तो त्याने मनात टिपून ठेवला आणि स्वतःवरच चिडला.

तीन वर्षं लोक त्याला करारी म्हणत होते. त्यात करारीपणा कसला ते त्यालाच ठाऊक होतं. त्या दिवशी बाकावर बसून तो शब्दाची वाट बघत होता. आतून शब्द येत नव्हता, आणि न आलेला शब्द आमच्यात बोलत नाहीत. त्याला वाटलं, फीबी इथेच वाढलेली पोर, तिला हे कळणारच, ती बसून राहील. आणखी तासाने, संध्याकाळी, केव्हातरी शब्द आला असता. ती उठून गेली तेव्हा त्याला वाटलं, तिनेच बापाला सोडलं. आणि ती बहुतेक समजली असणार की बापाचा निकाल झाला. गप्प बसणं हीच ज्या घराची भाषा, त्या घरात दोघांनी एकमेकांचं गप्प बसणं उलटं वाचलं होतं.

ओढ्यात पाणी घोट्याच्या वर होतं. दगडावरून जाताना तिसऱ्या दगडावर तो घसरला आणि एक बूट भरला. काठी टेकून तो पलीकडे चढला.

अक्रोडाखाली मथायस राप एका पिंपावर लोखंडी पट्टी ठोकत होता. सासऱ्याला पाहून त्याने हातोडा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, त्यांच्यात रीत आहे तशी.

"या, मॅडॉकसाहेब."

"टोपी घाल ती. मी देव नाही," एनॉक म्हणाला. "आणि साहेब कोण? एनॉक म्हण."

मथायसने टोपी घातली, पण एनॉक म्हणायचं त्याला जमेना. त्याने दाराकडे बोट दाखवलं आणि स्वतः बाहेरच थांबला. माणूस समजूतदार होता. हे गेनॉर तीन वर्षं सांगत होती.

फीबी कणीक मळत होती. दारात अंधार झाला म्हणून तिने वर पाहिलं, आणि पहिला विचार मनात आला तो आईचा.

"आई...?"

"बरी आहे. तिनेच पाई खायला घालून पाठवलंय म्हण," एनॉक म्हणाला. "मी बसू?"

फीबीने कोपराने बाकावरची टोपली सरकवली. तो बसला. बुटातलं पाणी फरशीवर पसरत गेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं: खांदे खाली आलेले, कानावरचे केस पांढरे झालेले. सभाघरात ती त्याला मागून बघायची, आणि मागून माणूस फारसा म्हातारा होत नाही. पोटात माया दाटून आली, आणि लगेच तिला त्या मायेचा राग आला. तीन वर्षं पाऊण मैल चालायला लागली ह्या माणसाला. लेक गेनी जन्मली तेव्हा फीबी दोन दिवस मरणाच्या दारात होती, तेव्हाही ओढा ओलांडून आई एकटीच आली होती.

तो गप्प होता. तिने कणीक पुन्हा मळायला घेतली, मुद्दाम आवाज करत. हे मौन तिला पाठ होतं. ह्या वेळी ती आधी बोलणार नव्हती, आणि आधी उठणारही नव्हती.

तेवढ्यात पाळण्यामागून गेनी आली. दोन वर्षांची, हाताला जाम लागलेला. तिने परक्या माणसाला खालून वरपर्यंत पाहून घेतलं, बाकावर चढली, आणि दोन्ही हातांनी त्याची टोपी ओढून काढली. मग ती स्वतःच्या डोक्यावर घातली. टोपी हनुवटीपर्यंत आली आणि आतून हसण्याचा आवाज येऊ लागला. चार गव्हर्नरांना जे जमलं नव्हतं ते तिने एका क्षणात करून दाखवलं. एनॉक उघड्या डोक्याने बसून राहिला, त्याने टोपी परत मागितली नाही.

"फीबी," तो म्हणाला, "त्यांना माझ्याकडून दोन ओळी हव्या आहेत. चार वाजता येतायत."

तिला ठाऊक होतं. आईने सांगितलं होतं. "मग?"

"मला लिहिता येत नाहीत. खोटं होईल." त्याने मांडीवर पालथे ठेवलेले हात पाहिले. "तुला मी विचारलं होतं, एवढं जड काय आहे. आज मला ओबेदने विचारलं. जड आहे, पोरी. फार जड आहे. आणि तू ते एकटीने उचललंस, मी समोर बसून बघत होतो."

फीबीचे हात कणकेत थांबले.

"मी गप्प होतो, ते माझ्याकडे शब्द नव्हता म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यावर दार लावलं नव्हतं. मला वाटलं, तुला कळेल. तू बसशील. मी पत्र वाचलं, ते सभेचं काम म्हणून; पण घरी आल्यावर मला निदान एवढं म्हणता आलं असतं, की थांब. तेवढ्यासाठी आतून काही यायची गरज नव्हती."

"मी आत्याबरोबर निरोप पाठवला होता," ती म्हणाली. "तू काहीच कळवलं नाहीस."

"आज दुपारी मिळाला."

फीबीने डोळे मोठे केले, मग मिटले. आत्याला ती ओळखत होती. ती हसायला लागली, आणि हसता हसता कणकेच्या हातांनीच तोंड झाकून रडू लागली. एनॉक उठून तिच्या जवळ गेला आणि काय करावं न कळून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, लहानपणी तिला डांग्या खोकला झाला होता तेव्हा उभा राहायचा तसा.

चार वाजता दोघे घोड्यावरून आले ते टेसीने दारातच गाठले. टेसी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिने एनॉक बैठकीला गेलाय असं म्हटल्यावर दोघे गोंधळले. आज कसली बैठक, असं त्यांनी विचारलं. तीन वर्षांपूर्वीची, ती म्हणाली.

ओबेद तिच्या मागे उभा होता. त्याने त्यांना आत बोलावून सफरचंदाचा साइडर दिला, घोड्यांना पाणी दाखवलं. मग त्याने मसुदा चुलीत घातला. कागद चांगला होता, लवकर पेटेना. त्याने सळईने निखाऱ्यात ढकलला.

"बाबाचा कागद मिळणार नाही," तो म्हणाला. "सभेने पत्र काढायचं ठरवलं, तर काढावं. पण ते वाचायला दुसरा चिटणीस बघा. मी वाचणार नाही."

दोघांतल्या थोरल्याने विचारलं की ह्याचा परिणाम काय होईल याचा ओबेदने विचार केलाय का. ओबेद म्हणाला, पंधरा दिवस तेवढंच केलंय. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. टेसीने पुतण्याकडे पाहिलं. ती काही चांगलं बोलली नाही, पण त्याच्या कोटावरची राख तिने झटकली.

गेनॉर तोपर्यंत खिडकीतला पाई उचलून बाहेर पडली होती.

ओढ्यापलीकडे उन्हं अक्रोडाखाली उतरली होती. मथायस आत येऊन चुलीपाशी बसला होता. एनॉकचा बूट वाळत होता. ते तिघे आता गप्पच होते, पण फीबीला हे मौन टोचत नव्हतं. ह्यात बसायला जागा होती. गेनी आजोबाच्या मांडीवर, टोपीसकट झोपली होती.

"तुला खरंच बाहेर काढतील," फीबी हळूच म्हणाली.

"काढतील."

"मागचा बाक फार कडक आहे. पाठीला उशी लागेल."

"तू आणत जा," एनॉक म्हणाला. मग त्याने गेनीला सांभाळत उजवा हात मोकळा केला आणि लेकीपुढे धरला. "ती बैठक उठवायची राहिली होती. माझ्याकडून."

फीबीने त्या हाताकडे पाहिलं. तीन वर्षं ती ह्याच हाताची वाट बघत होती, आणि आता तिने आपला हात पुढे केला नाही.

"इतक्यात नको," ती म्हणाली. "त्या दिवशी आपण पाच जण होतो, बाबा."

एनॉकने हात खाली घेतला. "बरोबर," तो म्हणाला. "मग बसू."

ते बसून राहिले. कणीक फुगत होती. थोड्या वेळाने बाहेरून गेनॉरचा आवाज आला, ती दगडावर उभी राहून मागच्या कोणालातरी तिसरा दगड निसरडा असल्याचं सांगत होती. मग टेसीचा आवाज आला, की तिला दिसतंय, ती आंधळी नाही. मथायसने दार पूर्ण उघडलं. गेनॉर पाई घेऊन आत आली. तिच्यामागे ओबेद, गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि त्याच्या दंडाला धरून टेसी, आयुष्यात पहिल्यांदा स्कर्ट पोटरीपर्यंत उचललेला.

 फीबीने बाकं पुसली. गेनॉर नवऱ्याच्या शेजारी बसली, ओबेद खिडकीपाशी, टेसी दारालगत, त्या दिवशी बसली होती तशीच. फीबी बापाच्या समोर बसली. मथायसला कळेना की आपण बसावं की जावं. गेनॉरने त्याला हाताने खाली बसवलं.

उन्हं दारातून चुलीपर्यंत आली. कोणालाही शब्द सुचला नाही आणि कोणी शोधलाही नाही. टेसीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. मग एनॉकने बायकोकडे एकदा बघितलं, आणि फीबीपुढे हात केला.

ह्या वेळी तिने तो धरला.